माझं रक्त कमी होतं म्हणे

आमच्याकडे ॲनिमिया कुणालाच होत नाही. थेट रक्त कमी होतं. नव्वदच्या दशकात मी कॉलेजकडून लांब पल्ल्याच्या शर्यती पळायचे, तेव्हा या दोन शब्दांनी माझं वाटोळं केलं.

राज्याच्या संघाची निवड तीन-चार आठवड्यांवर आली होती. रोज पहाटे रंकाळा तलावाभोवती पळायचे, पाय हलके होते, दम पुरत होता. तेवढ्यात किरकोळ तापाचं निमित्त झालं. शाहूपुरीतल्या डॉक्टरांनी रक्त तपासलं, हिमोग्लोबिन खाली दिसलं आणि ते आईला म्हणाले, "पोरीचं रक्त कमी आहे." झालं! माझे बूट माळ्यावर गेले.

आमचे पळण्याचे सर समजवायला घरी आले. त्यांनी माझं लोहही तपासून घेतलं होतं, ते भरपूर निघालं होतं.

"वहिनी, हिचं रक्त कमी न्हाय, उलट वाढलंय," सर म्हणाले. "लांब पळणाऱ्याच्या रक्तात पाणी वाढतंय, म्हणून आकडा खाली दिसतोय. पावणं वाढली की तुमी रश्श्यात पाणी वाढवतासा की न्हाय? मटण तेवढंच, पर पातेलं भरतंय. तसंच हाय हे."

"मी? रश्श्यात पाणी?" आई उसळली. "गावजेवण असलं तरी माझा रस्सा कधी पातळ झाला न्हाय! इचारा गल्लीत!"

पुढचा सगळा वेळ सर रश्श्याची माफी मागत बसले. माझ्या पळण्याबद्दल कुणी चकार शब्द काढला नाही. मी कपाळावर हात मारून घेतला.

मग बीट, खजूर, अळीव आणि सक्तीची विश्रांती. निवडीच्या तोंडावर पुन्हा तपासलं तर आकडा वर! आईनं गल्लीत पेढे वाटले. त्या पेढ्यांचा मला आजही राग येतो. पळणं थांबलं की वाढलेलं पाणी थोड्याच दिवसांत ओसरतं आणि उरलेलं रक्त दाट दिसतं. मी घाम गाळून कमावलेलं, पळताना दम पुरवणारं रक्त गेलं होतं आणि घरात त्याचा सण चालला होता.

बूट माळ्यावरून खाली आले. निवडीच्या दिवशी आई स्वतः मैदानावर आली. दुसऱ्याच फेरीला मला धाप लागली. ज्यांनी माझी पाठच पाहिली होती, त्या पोरी एकेक करून पुढे गेल्या. संघ हुकला, हे मला तिथंच कळलं. आणि दोरीपलीकडून आई जीव तोडून ओरडत होती, "पळ की गं! आता रगात हाय की अंगात!"