ताईची दुसरी तपासणी

ताईच्या पायातली चप्पल रस्त्यात सुटली आणि शाळेत पोचेपर्यंत तिला ते कळलंच नाही, तिथून हे सगळं सुरू झालं. घाटकोपरला टेकडीच्या उतारावर आमची चाळ होती आणि ताई खाली म्युनिसिपालिटीच्या शाळेत तिसरीला शिकवायची. त्या दिवशी ती एका पायाने अनवाणीच वर्गात शिरली. मुलं हसायला लागली तेव्हा तिने खाली पाहिलं. तळपायाला काच लागून रक्त येत होतं, पण दुखत नव्हतं.

मग तिच्या हातातून खडू पडायला लागला. फळ्यावरच्या ओळी शेवटाकडे खाली घसरायच्या. पंधरा-वीस दिवस असं चालायचं, मग दोन महिने सगळं ठीक. घरात आम्ही तिघीच, आई, ताई आणि मी. बाबा गिरणीत होते. मी अकरावीला असताना ते गेले आणि माझं पुढचं सगळं ताईच्या पगारावर झालं. टायपिंग शिकून मी अंधेरीच्या एका औषधाच्या कारखान्यात लागले होते. इंग्रजी बऱ्यापैकी यायचं, म्हणून डॉक्टरांशी बोलायचं काम माझ्याकडे आलं.

शहरातल्या मोठ्या इस्पितळात त्यांनी ताईला तपासलं, पायाला टाचण्या टोचून पाहिल्या आणि मग मला एकटीला आत बोलावलं. मेंदूची तपासणी करावी लागेल, म्हणाले. तेव्हा स्कॅन वगैरे नव्हतं. पाठीच्या मणक्यात सुई घालून थोडं पाणी काढायचं, त्या जागी हवा सोडायची, ती डोक्यात चढली की एक्स-रे घ्यायचे. पेशंट जागा असतो. नंतर आठ-दहा दिवस डोकं उचलवत नाही. बहिणीला हे नीट समजावून सांगा, असं त्यांनी दोनदा बजावलं.

मी बाहेर येऊन ताईला सांगितलं, डोक्याचे फोटो काढणार आहेत. सुईचं काही बोलले नाही. ती नाही म्हणेल अशी भीती होती, आणि सांगताना मलाच रडू फुटलं असतं हेही होतं. तिने कागदावर सही केली.

ते दहा दिवस मी विसरू शकत नाही. उशी थोडी हलली तरी ती कण्हायची. खिडकीला चादर बांधली होती, कारण उजेड सोसत नव्हता. पाणी दिलं तरी उलटी व्हायची. मी रजा काढून तिच्या उशाशी बसले होते. चौथ्या दिवशी डोळे न उघडताच ती म्हणाली, "तुला ठाऊक होतं?"

"नाही गं, मला कुठे ठाऊक?" मी म्हटलं.

रिपोर्टात काही निघालं नाही. हळूहळू ती उठली, शाळेत जायला लागली आणि आम्ही सगळ्यांनी तो विषय मिटवून टाकला.

पुढच्या वर्षी माझं लग्न ठरलं. मंडळी बोरिवलीची, मूळची आमच्याकडचीच, कणकवलीच्या बाजूची. तारीख धरली आणि त्याच सुमारास ताईच्या एका डोळ्यापुढे धुकं यायला लागलं. पायही ओढला जाऊ लागला. तेव्हा डोक्याची तपासणी म्हटलं की लोक एकच अर्थ काढायचे, घरात वेड आहे. चाळीत कोणाच्या कानावर गेलं तर ते बोरिवलीला पोचायला वेळ लागला नसता. आई मला मोरीशी गाठून हळूच म्हणाली, "लगीन होऊ दे, मग बघूया. तोवर कोणाक सांगू नको." आईला तरी काय बोलायचं. माझ्या मनात होतं तेच तिने तोंडाने म्हटलं.

ताईला मी म्हटलं, तू शाळा बुडवू नकोस, मीच जुने कागद दाखवून येते. डॉक्टरांनी सगळं ऐकून घेतलं. तीच तपासणी पुन्हा करून बघावी असं त्यांचं मत पडलं. मागच्या वेळी काही दिसलं नाही, पण आता डोळाही धरलाय. यावेळीही काही दिसेलच असं नाही, तेव्हा मी जबरदस्ती करणार नाही, म्हणाले. तिला विचारा आणि दोन आठवड्यांत कळवा.

घरी आले तेव्हा ताई दाराशी बसून वह्या तपासत होती. एक डोळा हाताने झाकून वाचत होती. तिने विचारलं, काय म्हणाले. मी सांगितलं, पुन्हा तपासणीची गरज नाही, टॉनिक दिलंय, आराम करायला सांगितलाय. तिने क्षणभर माझ्याकडे बघितलं, "बरं" म्हणाली आणि पुढची वही घेतली. टॉनिक मी नाक्यावरच्या दुकानातून विकत आणलं होतं.

लग्न झालं. ताईने सगळ्यांच्या पानात वाढलं, पाय ओढत, हसत. नंतरच्या वर्षांत तिच्या हातात काठी आली. शाळेने तिला खुर्ची दिली, फळ्यावर लिहायला ती वर्गातल्याच एखाद्या मुलीला उभं करायची. कोणी विचारलं तर वात आहे म्हणायची. मला मुलगा झाला. मी महिन्यातून एकदा घाटकोपरला जायचे आणि निघताना काहीतरी जास्तीचं ठेवून यायचे, फळं, साडी, पंखा.

आई गेल्यावर ताई मे महिन्याच्या सुटीत आमच्याकडे बोरिवलीला आली. दुपारी आम्ही दोघी चिंचा फोडत बसलो होतो. तिच्या हातातून बत्ता दोनदा निसटला. दुसऱ्यांदा मी तो उचलून दिला आणि एकदम सगळं बोलून गेले. सुईचं मला आधीच माहीत होतं हे, आणि दुसऱ्या वेळी डॉक्टर खरं काय म्हणाले होते तेही.

ती चिंचोके वेगळे करत राहिली. "मला माहीत आहे," म्हणाली.

मग तिने सांगितलं. मी टॉनिक आणलं त्याच्या पुढच्या आठवड्यात ती अर्ध्या दिवसाची रजा घेऊन एकटीच इस्पितळात गेली होती. डॉक्टरांनी तिला सगळं सांगितलं, दोन्ही वेळचं.

"ते म्हणाले, करायची तर दहा दिवस कोणीतरी उशाशी हवं. मागच्या वेळी बहीण होती, ती येईल ना? मी म्हटलं, तिचं लग्न आहे. मग दुसरं कोण, म्हणाले. आई थकलेली. मी म्हटलं, मग राहू दे."

"मला का नाही बोललीस?"

"तू गरज नाही म्हणालीस ना."

रागाने म्हणाली नाही. राग असता तर मला बरं वाटलं असतं.

जूनमध्ये मी तिला दुसऱ्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनीही तीच तपासणी सुचवली, काही दिसेलच असं नाही हेही सांगून. यावेळी मी तिला त्यांच्या समोरच्या खुर्चीत बसवलं आणि स्वतः मागे उभी राहिले. ते जे इंग्रजीत बोलले ते मी तिला मराठीत सांगितलं, सुईसकट, उलट्यांसकट. तिने दोन दिवस विचार केला आणि करूया म्हणाली. मुलाला सासूबाईंकडे ठेवून मी दहा दिवस तिच्याजवळ राहिले.

यावेळीही काही निघालं नाही. सहा वर्षांपूर्वी केली असती तरी बहुधा काही दिसलं नसतं, असं डॉक्टर म्हणाले. घरी आल्यावर मी ते, आणि लग्नाआधी लपवलेलंही, मिस्टरांना सांगितलं. ते म्हणाले, मग झालं तर, आता कशाला मनाला लावून घेतेस? ताई पाय ओढत, भिंतीला हात लावत एकटी इस्पितळाचा जिना चढते आहे, हे त्यांनी पाहिलं नव्हतं. मीही पाहिलं नव्हतं, पण मला ते दिसत राहतं.

ताईने पुढे बरीच वर्षं बसून शिकवलं. दुखण्याला नाव मिळालं ते पुष्कळ नंतर, आणि त्यावर तेव्हा औषध नव्हतं. डॉक्टरांकडे मी तिच्यासोबत जात राहिले. प्रश्न ती आधी विचारायची, मग मी.