केसरआत्याची रात्रीची प्लेट

माझी केसरआत्या धवलारीण. आगऱ्यांच्या लग्नात भटजींच्या आधी तिचे धवले लागतात, आणि ती गायला बसली की घड्याळाकडे बघायची हिंमत भटजींनाही होत नाही.

माघात तिचा जबडा धरला. सकाळी तोंड बोटभर उघडेना, कानापाशी कळ. वैशाखात नात भाविकाची हळद होती. तिचे धवले दुसऱ्या बाईने गायचे, त्यापेक्षा पोर बिनलग्नाची राहिलेली बरी, असं आत्याचं मत.

आमच्या गावात वैद्यांना तोटा नाही. आत्या झोपेत दात खाते हे कळताच बायकांनी एकमुखाने निदान केलं, जंत. साठीच्या बाईला वावडिंग पाजून बेजार केलं, जंत काही पडले नाहीत. उरलेल्यांच्या मते तिचा सुनेवर दात होता. त्यावर औषध कुणी सुचवलं नाही.

शेवटी मी तिला पेणला दातांच्या डॉक्टरणीकडे नेलं. तिने दातांचं माप घेऊन प्लास्टिकची पातळ प्लेट करून दिली. "गाल शेका, सुपारी बंद करा आणि ही रोज रात्री लावा." आत्याने सुपारी सोडली, म्हणजे आमच्यासमोर सोडली. प्लेट मात्र नेमाने लावली.

महिना गेला, दुखणं जसंच्या तसं. वर धवले बोबडे झाले. डॉक्टरणीने विचारलं, "रोज रात्री लावता ना?"

"एक रात चुकली न्हाय. हलदीला पन लावूनच गातंय."

"गाताना? अहो, झोपताना लावायची."

"मंग तसा सांगाचा ना. लगीनसराईत आमी दिवसाची झोपताव."

हसावं की रडावं, डॉक्टरणीला कळेना. मी हसलो. रिक्षात बसल्यावर आत्या हळूच म्हणाली, "आता वैशाखापरत होल का रं बरा?" तिला घाबरलेलं मी कधी पाहिलं नव्हतं. मला माझी लाज वाटली.

त्यानंतर ती भर दुपारी प्लेट लावून झोपू लागली. भाविकाच्या हळदीपर्यंत तोंड दोन बोटं उघडायला लागलं, पण धवल्याला दोन बोटं पुरत नाहीत. वरच्या सुराशी आत्या अडली. वावडिंगवाल्या बायकांनी लगेच ओळ उचलली आणि नवऱ्यामुलाच्या जागी त्याच्या बापाचं नाव घातलं. भाविकाचं लग्न सासऱ्याशी लागायची वेळ आली.

आत्याने गालावर हात दाबला आणि सगळ्यांच्या वर आवाज लावला. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

"आजी, रडतंस का?" पाटावरून भाविकाने विचारलं.

"दुखतंय," आत्या म्हणाली आणि पुढचा धवला धरला.