वन्संचा ओव्हरड्राफ्ट

आमच्या वन्संबरोबर जो एकदा बाजारात जाऊन आला, त्याला आयुष्यात पुन्हा कशाचीच लाज वाटत नाही. मी तर लग्न झाल्यापासून त्यांच्याबरोबर जाते आहे, तरी माझी लाज अजून शिल्लक कशी, हे मला कळत नाही. वन्सं म्हणजे माझ्या नवऱ्याची थोरली बहीण. त्यांचं घर नरपडला, चिकूच्या झाडांत, आणि आम्ही डहाणू रोडला स्टेशनजवळ. मधलं अंतर तसं फार नाही, पण वन्सं बोलायला लागल्या की तेवढंही राहत नाही. नोकरीची बरीच वर्षं त्यांनी स्टेशनवर गाड्यांच्या घोषणा केल्या. मराठीत, हिंदीत आणि गुजरातीत. पुढे घोषणांना यंत्र आलं, वन्सं तिकीटखिडकीवर बसल्या, यथावकाश निवृत्त झाल्या. आवाज मात्र निवृत्त झाला नाही. त्यांनी माझ्या कानात सांगितलेलं गुपित समोरच्या फलाटावरच्या माणसालाही नीट ऐकू जातं, आणि तो गुजराती असेल तर वन्सं त्याच्यासाठी पुन्हा एकदा सांगतात.

बरं, आवाज मोठा असलेली माणसं निदान अधूनमधून खोटं बोलतात, त्यामुळे ऐकणाऱ्याला थोडी विश्रांती मिळते. वन्संना खोटं बोलताच येत नाही. मला बघायला ही मंडळी आली तेव्हा माझ्या वडिलांना त्यांनी चहाचा पहिला घोट घ्यायच्या आधी सांगितलं, "आमचा भाऊ झोपेत बडबडतो. नंतर तक्रार नको." वडील इतके घाबरले की त्यांनी लगेच होकार दिला. बोर्डीच्या एका लग्नात यजमानीणबाईंनी सहज विचारलं, "जेवण झालं ना व्यवस्थित?" त्यावर वन्संनी मसालेभात कुठे फसला ते तीन पंक्तींना ऐकू जाईल असं समजावून दिलं. मी तेव्हा हात धुवायच्या निमित्ताने उठले ती मांडवाबाहेर उभी राहिले. एकदा घोलवडच्या दुकानदाराने चुकून जास्त सुटे दिले, तर ते परत करायला दुसऱ्या दिवशी रिक्षा करून गेल्या. रिक्षाचं भाडं त्या सुट्यांपेक्षा जास्त झालं. दुकानदाराला हा व्यवहार काही केल्या समजेना. तो वैतागून म्हणाला, "बेन, जवा दो ने!" सोडून द्या ना! वन्सं म्हणाल्या, "सोडून द्यायला ते माझे आहेत का?"

अशा बाईच्या नशिबी ओव्हरड्राफ्ट यावा!

त्यांचे यजमान तलासरीला शिक्षक होते. आम्ही सगळे त्यांना गुरुजीच म्हणायचो. वन्सं दिवसभरात जितकं बोलत तितकं गुरुजी वर्षभरात बोलत नसावेत. त्यांच्या आजारपणात दवाखान्याचा खर्च वाढला तेव्हा मुदतठेव मोडायच्या ऐवजी त्यांनी तिच्यावर ओव्हरड्राफ्ट घेतला, म्हणजे ठेवीच्या भरवशावर बँकेने उचल दिली. ती उचल वन्संनी सगळी फेडली. पुढे गुरुजी गेले. तलासरीच्या बँकेतलं ते खातं दोघांच्या नावावर होतं आणि वन्संनी ते हलवलं नाही, कारण त्यांच्या नावाशेजारी गुरुजींचं नाव आता तेवढंच एका जागी उरलं होतं. पण फेडलेला ओव्हरड्राफ्ट बंद करायला अर्ज द्यावा लागतो, हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. बँक गुपचूप दर वर्षी त्याचं शुल्क लावत राहिली, शुल्कावर व्याज, आणि व्याज भरलं नाही म्हणून दंड. एक दिवस बँकेतून फोन आला, की तुमच्या खात्यावर बाकी आहे.

"गुरुजींनी शाळेतला खडूसुद्धा कधी घरी आणला नाही," वन्सं फोनमध्ये म्हणाल्या, "आणि तुमच्याकडे ते देणेकरी?" हे वाक्य नरपडच्या निम्म्या लोकांनी ऐकलं.

रक्कम मोठी नव्हती. वन्संनी ती तिथल्या तिथे भरली, कारण गुरुजींच्या नावापुढे बाकी हा शब्द त्यांना एक रात्रही नको होता. आणि मग ती परत मिळवायला त्या निघाल्या, बरोबर मला घेऊन. तलासरीच्या शाखेतल्या मॅडम नागपूरकडच्या, बदलून आलेल्या, मृदू बोलणाऱ्या. वन्संनी सुरुवात केली तशी पैसे भरायच्या रांगेतली माणसं वळून बघू लागली. मी भिंतीवरची सोनेतारण कर्जाची जाहिरात वाचायला घेतली आणि ती पाठ होईपर्यंत वाचली. तेवढ्यात मी शिकवते त्या शाळेतल्या एका मुलीचे वडील पुढे आले. "बाई, तुम्ही इकडे?" मी म्हटलं, "हो, सहज." मागून वन्सं गरजल्या, "सहज नाही! आमचे पैसे घ्यायला आलोय!"

मॅडमनी अर्ज घेतला आणि वरच्या कार्यालयाला पाठवते म्हणाल्या. वन्सं म्हणाल्या, "पाठवा. उत्तर येईपर्यंत अमे अहीं ज बेसीशुं." आम्ही इथेच बसू, हे त्यांनी गुजरातीत सांगितलं, म्हणजे प्रकरण गंभीर होतं. त्या खरोखरच दर सोमवारी नरपडहून तलासरीला जाऊन बँकेच्या बाकावर बसू लागल्या. पिशवीत डबा आणि सोलायला वाल. बसल्या बसल्या त्यांनी शाखेचा कारभारही हातात घेतला. "पासबुकवाले डावीकडे! पेन्शनवाले बसून घ्या, काउंटरवर साहेब चहा पीत आहेत!" साहेब चहा खाली ठेवत. मी एक-दोनदा गेले आणि मग शाळेत तपासणी आहे असं सांगून सुटका करून घेतली.

आणि एका सोमवारी मॅडमनी सांगितलं, "काकू, तुमचे पैसे जमा झालेत."

वन्संचा तो आठवडा मी विसरणार नाही. नरपडच्या देवळात, डहाणूच्या भाजीबाजारात, माझ्या शाळेच्या शिक्षकखोलीत, सगळीकडे ती बातमी त्यांनी जातीने पोचवली. "बँक देते. मागायला तोंड पाहिजे." मग ज्याचे ज्याचे पैसे बँकेने कापले होते तो तो त्यांच्या अंगणात येऊ लागला. त्यांना दारावर मासे घालणारी मच्छीवाली आली. खात्यात पुरेशी शिल्लक नाही म्हणून तिचे पैसे गेले होते. शेजारचे निवृत्त तलाठी आले. आणखीही काही मंडळी होती. सगळ्यांची खाती त्याच बँकेच्या डहाणूच्या शाखेत, पण वन्सं म्हणाल्या, "डहाणूला नुसत्या खुर्च्या आहेत. माणूस तलासरीला आहे." आणि त्यांनी भाड्याने जीप ठरवली. मच्छीवालीने त्या दिवसाचा धंदा सोडला. मला सुट्टी होती, आणि खोटं कारण वेळेवर सुचलं नाही.

ती वरात बँकेत शिरताना मॅडमनी काचेतून पाहिली आणि त्यांचा चेहरा उतरला. त्यांनी वन्संना आणि मला केबिनमध्ये बोलावलं, दार लावून घेतलं.

"काकू, ही सगळी माणसं कशाला आणलीत?"

"ज्यांचे पैसे गेलेत ती आहेत. माझे दिलेत तसे यांचेही द्या."

मॅडमनी दार नीट लागलंय ना ते पाहिलं. मग म्हणाल्या, "तुमचे पैसे बँकेने नाही दिले. वरून नकार आला होता. मी भरले."

वन्संना पहिल्यांदा कळलंच नाही. "तुम्ही म्हणजे?"

"माझ्याकडचे. कुणाला सांगू नका, मला तसं करता येत नाही."

"का पण?"

"खरं सांगू का? तुम्ही बाकावर बसायच्या तेव्हा लोक हसायचे तुम्हाला. आमच्यातलेच काही तुमची नक्कल करायचे. मला बघवत नव्हतं. आणि माझं कामही होत नव्हतं. वाटलं, एकदाचं मिटेल."

वन्संनी पदर सारखा केला, मग पुन्हा सारखा केला. मी इतकी वर्षं त्यांच्यापायी लाजत आले होते, पण त्यांना लाजताना मी कधी पाहिलं नव्हतं. कान लाल झाले होते. आपण हसू होतो आहोत हे त्यांच्या कधी ध्यानातच आलं नव्हतं. त्यांना वाटायचं, लोक ऐकताहेत. माझी नजर कुठे ठेवावी ते मला कळेना. केबिनमध्ये वाचायला जाहिरातही नव्हती.

मग त्या उठल्या आणि बाहेर गेल्या. मला वाटलं, आता सगळं सांगून टाकणार. दुसरं काही त्यांना येतच नव्हतं. मॅडमही उठून उभ्या राहिल्या. बाहेर सगळे वन्संच्या तोंडाकडे बघत होते.

"चला," वन्सं म्हणाल्या. आवाज इतका बारीक, की तलाठ्यांनी कानाला हात लावून "काय?" विचारलं. "चला घरी. मला पैसे मिळालेच नव्हते. मी थाप मारली."

मच्छीवाली भडकली. "थाप मारली? अगं, माझा आजचा धंदा बुडाला! मग गावभर सांगत कशाला फिरलीस?" तलाठी म्हणाले, "या वयात हे शोभत नाही तुम्हाला." वन्सं मान खाली घालून उभ्या होत्या. "चुकलं माझं," एवढंच म्हणाल्या. मी पुढे होऊन काही बोलणार, तर त्यांनी माझा हात असा दाबला की बांगडी रुतली.

मंडळी जीपकडे गेल्यावर त्यांनी मॅडमचे पैसे खात्यातून काढून त्यांच्या टेबलावर ठेवले. मॅडम घेईनात. वन्सं म्हणाल्या, "तुमचं मन मोठं आहे. पण गुरुजींच्या नावावर परक्या पोरीचे पैसे नकोत मला. आणि तो ओव्हरड्राफ्ट बंद करायचा अर्ज कुठे असतो, तेवढं सांगा." अर्ज मी लिहिला. त्यांनी सही केली. जीपमध्ये परतताना कुणीही त्यांच्याशी बोललं नाही, आणि त्याही कुणाशी बोलल्या नाहीत.

त्यानंतर नरपडला त्यांचं नाव थापाडी बाई पडलं. मी एकदा चिडून म्हटलं, "वन्सं, मी सांगते लोकांना खरं काय ते." त्या म्हणाल्या, "त्या पोरीची नोकरी आहे. आणि कळलं तर उद्या अख्खं गाव तिच्या पर्ससमोर रांग लावेल. राहू दे. मला काय, मी निवृत्त आहे." देवळात जायची वेळ त्यांनी बदलली, गर्दी नसताना जाऊ लागल्या. फोनवर बोलताना मला रिसीव्हर कानाला घट्ट धरावा लागायला लागला.

परवा मी नरपडला गेले होते. मागच्या दारी मच्छीवाली आली. बऱ्याच महिन्यांनी आली होती. टोपली उतरवून म्हणाली, "माझे पैसे आले." त्या दिवशी मॅडमनी तिचं पासबुक बघून ठेवलं होतं. तिचं खातं शून्य शिल्लक चालणारं, त्यावर दंड लावायलाच नको होता. मॅडमनी डहाणूच्या शाखेला तसं कळवलं, पाठपुरावा केला आणि चूक दुरुस्त झाली.

वन्संनी घाईने विचारलं, "कुणी दिले?"

"बँकेनं. मोबाईलवर मेसेज आला."

"नक्की बँकेनंच ना? मॅडमच्या हातचे नाहीत ना?"

"मॅडम कशाला देईल गं? ती काय माझी बहीण हाय?" मच्छीवाली हसली. तिने ओले बोंबील मोजून वन्संच्या ताटात टाकले, वर दोन जास्तीचे ठेवले. टोपली डोक्यावर घेताना जरा थांबली आणि समजुतीच्या सुरात म्हणाली, "बाय, तू तशी मनाची चांगली हायेस. फक्त परत थापा मारू नको."

वन्सं ताट हातात धरून उभ्या होत्या.

"नाही मारणार," त्या म्हणाल्या.