तीन गाणी, एसी बंद

गिटार उभी धरून वाजवणाऱ्या माणसावर हवाईकाकांचा मुळीच विश्वास नव्हता. गिटार मांडीवर आडवी घ्यायची, बाळाला तेल लावायला घेतात तशी, हे त्यांचं ठाम मत. उजव्या हाताने तारा छेडायच्या आणि डाव्या हातातला गुळगुळीत लोखंडी तुकडा तारांवरून सरकवायचा. त्या तुकड्याला ते नुसतं ‘स्टील’ म्हणत आणि बाकीची माणसं पेन ठेवतात तिथे, शर्टाच्या खिशात ठेवत. हवाई बेटं त्यांनी जन्मात पाहिली नव्हती. तरुणपणी पुण्यात ही हवाईयन गिटार शिकले, त्यावरूनच हे नाव पडलं, आणि मस्कतला ड्राफ्ट्समन म्हणून आले ते गिटार घेऊनच.

मस्कतच्या अल् खुवैर भागात ते माझ्याच इमारतीत, खालच्या मजल्यावर एकटे राहत. शुक्रवारी सकाळी त्यांच्याकडे बैठक असे. नव्या माणसाला तीनच गाणी. पहिलं समुद्राचं, दुसरं झुलवणारं, तिसरं निरोपाचं. “चौथ्याला तो मोबाइल काढतो,” असा त्यांचा अनुभव. आणि तिन्ही गाणी होईपर्यंत एसी बंद! “एसीलाही सूर असतो, पण तो बेसूर असतो,” म्हणायचे. मी पहिल्यांदा गेलो तो जून महिना होता. घामाने माझी पाठ सोफ्याला चिकटली होती आणि काका शांतपणे मला समुद्राची झुळूक ऐकवत होते.

“शब्द शोधू नकोस,” त्यांनी त्याच दिवशी बजावलं. “एका सुरावरून दुसऱ्यावर हात सरकतो ना, त्या वाटेवर गाणं असतं. ती वाट ऐक.” मी सगळं दीडपट वेगाने ऐकणारा माणूस. तिसऱ्या गाण्याला माझे खांदे आपोआप खाली आले. ते वर होते, हेही मला तोवर माहीत नव्हतं.

दुसरा नियम कंपाचा. स्टील जागच्या जागी हलवलं की सूर थरथरतो, आणि नवशिक्याला तेवढंच आवडतं. काकांना त्याची चीड होती. “सूर आधी सरळ उभा राहू दे. मग हलव. उठल्या उठल्या नाचतं का कोणी?”

बैठकीतला कायमचा श्रोता म्हणजे शेट्ये. मूळचा मालवणचा, मस्कतजवळच्या बरका गावी मासळीच्या दुकानात कामाला. दर शुक्रवारी काकांसाठी सुरमई आणायचा आणि दुसऱ्या गाण्याला हमखास झोपायचा. काका खूश. “झोपला? म्हणजे गाणं पोचलं. जागे राहतात त्यांचीच मला काळजी वाटते.”

गेल्या हिवाळ्यात एकदा मात्र शेट्ये तिन्ही गाणी टक्क जागा राहिला. “काकानू, आज काय वाजवल्यात! सूर कसो थरथरता, अंगार काटोच इलो.” मीही टाळ्या वाजवल्या. मग काकांनी चहाचा कप बशीसकट डाव्या हाताने उचलला आणि बशी वाजायला लागली. शेट्ये गेल्यावर ते माझ्याकडे न बघता म्हणाले, “कळलं ना तुला? त्याला सांगू नकोस. त्याला आवडलंय ते.”

मी त्यांना डॉक्टरांकडे नेलं. गोळ्या मिळाल्या, आणि हे हळूहळू वाढत जाणार, असंही ऐकायला मिळालं. मी जड स्टील मागवलं, मनगटाला बांधायचा पट्टा आणला, व्हिडिओ बघून हाताचे व्यायाम शिकवले. काकांनी शहाण्या मुलासारखं सगळं केलं आणि हात थरथरतच राहिला. मला संताप यायचा, पण तो कोणावर काढायचा ते कळायचं नाही. पुढे थरथर थोडी उजव्या हातातही उतरली, ऑफिसात माउससुद्धा धरवेना. नोकरी सोडावी लागली, आणि नोकरीबरोबर इथला व्हिसाही गेला. “खलास,” खिशातल्या स्टीलवर हात ठेवत ते म्हणाले. पुण्याला लेकीकडे जायचं ठरलं.

शेवटच्या शुक्रवारी घरात फक्त सोफा आणि गिटार उरली होती. काकांनी सवयीने एसी बंद केला. दोन गाणी कशीबशी झाली, शेट्ये झोपला. निरोपाच्या गाण्याचा पहिलाच सूर थरथरला तेव्हा काका थांबले.

“अरे, मनगट धर माझं. एकदा सरळ ऐकू दे.”

मी दोन्ही हातांनी गच्च धरलं. त्यांनी तार छेडली. सूर आला, सरळ, स्वच्छ, अगदी पूर्वीसारखा. काकांनी डोळे मिटले. आता हात पुढच्या सुराकडे सरकायला हवा होता. पण मी धरून ठेवलं की तो सरकेना, आणि जरा सैल केलं की थरथर सुरू. आम्ही पुन्हा केलं. पुन्हा. पहिल्या सुरापुढे गाणं जाईना.

“सोड आता,” काका हळूच म्हणाले.

मला सोडवेना.