क्लेमेंटीनबाईंचा वाटा

होळी गावच्या क्लेमेंटीनबाई चाळीस वर्षं वसईच्या बाजारात वांगी विकतायत. नातवंडांशी बोलायचंच म्हणून साठीत त्या माझ्याकडे इंग्रजी शिकायला आल्या.

पाच वांगी मांडून मी म्हटलं, "म्हणा, माय ब्रिंजल्स. जास्त असली की शेवटी एस लागतो."

"माय ब्रिंजल."

"अहो, पाच आहेत!"

"पाच कुठे? एक वाटा आहे. वाट्यातलं मी सुटं विकत नाही."

महिनाभर त्या हटल्या नाहीत.

काल मुलांबद्दल लिहायला सांगितलं. तीन मुलगे: कॅनडात, दुबईत, इथे जवळच चंदनसारला. त्यांनी 'माय सन' लिहिलं, थांबल्या आणि न सांगता पुढे ठसठशीत एस काढला.

"हा वाटा सुटा झालाय," त्या म्हणाल्या. "राधिका, पुढचं शिकव."