दोष दुधाचा नव्हता

कपड्यांच्या कारखान्यात ती काज-बटणाच्या मशीनवर बसायची. हात चपळ, तोंड त्याहून चपळ. मुलीनंतर मुलगा झाला आणि काही आठवड्यांतच तिचं बोलणं आटलं. बाळाच्या लंगोटात रक्त दिसलं होतं.

जवळच्या डॉक्टरांना दुधाची ॲलर्जी वाटली. सासूबाईंनी तर ठरवूनच टाकलं, की सुनेच्या खाण्यातलंच काहीतरी दुधातून बाळाला बाधतंय. मग तिनं एकेक पदार्थ सोडला. ती वाळून काडी झाली, पण रक्त थांबेना. बाळाचं वजन वाढेना, ताप हटेना. शी करायच्या जागी गळवं यायला लागली, एक फुटलं की दुसरं.

मोठ्या इस्पितळात दुर्बिणीतून आतडं पाहिलं, तर आत जखमाच जखमा. इतक्या लहान वयात आतड्याचा असा दाह दिसला, की मूळ कारण बऱ्याचदा जन्मजात असतं, असं म्हणून तिथल्या डॉक्टरीणबाईंनी आईबापांचं आणि बाळाचं रक्त जनुकांच्या तपासणीला पाठवलं.

निकाल ऐकायला सासूबाईही आल्या. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "जळजळ थांबवायचा निरोप याच्या पेशींना ऐकूच येत नाही. एक बिघडलेलं जनुक आईकडून आलंय, एक वडलांकडून. एकच असतं तर त्रास झाला नसता, तुम्हाला नाही तसा."

"आणि माझं दूध?"

"दुधाचा काही संबंध नाही. तुम्ही काहीही खाल्लं असतंत, तरी हेच झालं असतं."

आपण दोघंही धडधाकट आहोत, एवढंच नवरा पुटपुटत होता. जिन्यात सासूबाईंनी तिला थांबवलं. तिचा हात धरून त्या म्हणाल्या, "मी तुला उपाशी मारत होते गं."

पुढच्या भेटीत उपाय कळला. औषधांनी दाह थोडा दबेल, पण आजार मुळातून काढायचा तर या पेशी जिथे तयार होतात, ती बाळाच्या हाडांतली मज्जा औषधांनी मारून दुसऱ्याची घालायची. त्यात जीवही जाऊ शकतो, हे डॉक्टरीणबाईंनी लपवलं नाही. पाच वर्षांच्या बहिणीची मज्जा जुळली. दुखेल का, एवढंच त्या चिमुरडीनं विचारलं. थोडं दुखेल, आई म्हणाली.

प्रत्यारोपणानंतर संसर्ग झाला, बाळ मरणाच्या दारातून परत आलं. मग हळूहळू गळवं सुकली, रक्त थांबलं. नर्सनं स्वच्छ लंगोट दाखवला, तेव्हा तिनं तो उलटापालटा करून पाहिला. खरं वाटेना.

मुलगा आता घरभर पळतो, बहिणीच्या वेण्या ओढतो. तपासणीची तारीख आली, की त्या दिवशी घरात कुणाच्याच घशाखाली घास उतरत नाही.