रॅकेटशिवाय टेनिस

"टाच टेकली! बघा, बघा, टाच टेकली याची!" लिमये खुर्चीतूनच ओरडले आणि चहा पिणारे सगळे हसले. कोर्टाच्या कडेला मी एकटा नाचत होतो. डावीकडे सरक, मध्ये ये, उजवीकडे सरक. सगळं चवड्यांवर. हातात रॅकेट नाही, समोर चेंडू नाही. ते हसले म्हणून मीपण हसलो. माझ्या त्या हसण्याची आजही चीड येते.

दादरला आमच्या ऑफिसचं टेनिस कोर्ट होतं. वर्गणी सगळ्या कारकुनांच्या पगारातून कापली जायची, माझ्याही. मी नायगावच्या चाळीतला, गिरणी कामगाराचा पोरगा, घरातला पहिला मॅट्रिक. नाव द्यायला गेलो तेव्हा क्लबचे सेक्रेटरी लिमये गोड बोलले. "तुम्हा लोकांचे पाय कबड्डीचे. टेनिसला वेगळे पाय लागतात रे. आधी फुटवर्क पक्कं कर, मग रॅकेट धर. नियमच आहे." बाकीच्यांना अहो, मला अरे. तरी वाटलं, शिस्त असेल. शाळेत काय, नोकरीत काय, आम्हाला जास्तच करून दाखवावं लागतं. हेही तसंच.

म्हणून जीव तोडून केलं. पहाटे चाळीच्या गच्चीवर कोळशाने रेघा मारायच्या आणि उड्या, सरकणं, वळणं. खालच्या मजल्यावरच्या बायका बोंबलायच्या. कबड्डीतले दोस्त म्हणाले, "साहेब झाला रे हा," आणि हाका मारायचे बंद झाले. आई म्हणायची, "एकटाच काय थयथयाट करतोस? कुणी बगितलं तर काय म्हनंल?" काय सांगणार तिला? इकडचा राहिलो नव्हतो, तिकडचा कुणी करून घेत नव्हतं. इतका एकटा मी कधीच नव्हतो.

दिवस संयुक्त महाराष्ट्राचे. लालबागच्या मोर्चात लिमयांनी माझ्या हातात हात अडकवला. "आपण सगळे मराठी!" दोघं घसा बसेपर्यंत ओरडलो. वाटलं, आता नक्की खेळायला घेणार.

त्यानंतर थोड्याच दिवसांत ऑफिसात देशपांडे नावाचा नवा कारकून लागला. पहिल्याच संध्याकाळी चामड्याचे बूट घालून कोर्टात उतरला. टाचांवर धपाधप पळाला, पायात पाय अडकून आपटला. लिमयांनी त्याला उठवलं, कपडे झटकले, स्वतःची रॅकेट परत त्याच्या हातात दिली.

"अहो, घाबरता काय? खेळता खेळताच येतं."

मी तेव्हा कडेला सरकत होतो. थांबलो.

खेळता खेळताच येतं! मग च्यायला, माझं इतके महिने काय चाललं होतं? नियम नव्हताच. माझा हात लागलेली रॅकेट यांना धरायची नव्हती, एवढंच. आणि मी त्यांना चहाबरोबर तमाशा दाखवत होतो. त्याच साली आम्ही घरातले देव बाहेर काढून धम्म घेतला होता. आणि मी इथे लिमयांचा शब्द देवाचा म्हणून पाळत होतो. स्वतःचीच शरम वाटली.

सरळ कोर्टात शिरलो. बाकावरची क्लबची रॅकेट उचलली आणि बेसलाइनवर जाऊन उभा राहिलो.

"आता पाळी माझी."

"अरे, पण तुझं फुटवर्क..."

"'अरे' नाही. 'अहो' म्हणा."

देशपांडेने लिमयांकडे पाहिलं, कोट उचलला आणि गेला. मग एकेक करून सगळे. लिमयांनी जाता जाता नेटची दोरी सोडली. नेट मातीत पडलं.

मी ते पुन्हा बांधलं. पलीकडची बाजू रिकामी होती. रडू आलं, भरपूर आलं. पुसलं आणि तिथेच उभा राहिलो.

उद्या येणार. परवा येणार. माझी पाळी असेल तेव्हा आत मीच असेन, समोर कुणी उभं राहो न राहो. ज्याला खेळायचंय त्याने माझ्याशी खेळावं. नसेल जमत तर बाहेर बसावं.